इतिहास घेतला तर पैसे कोण देणार?

जून उजाडला की मोहोपाड्याचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: बारावीला एवढे टक्के पडलेत, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कुठे मिळेल? मूल शेजारी गप्प बसलेलं असतं. तुला काय वाचायला आवडतं, असं त्याला विचारलं तरी उत्तर आईच देते. एखादी मुलगी धीर करून म्हणते, मला इतिहास घ्यायचाय. मग बाबा विचारतात, "त्यात पैसे कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आधी इंजिनीअरिंगचं. गणिताची खरी ओढ असेल तर खुशाल जा. सीईटी आणि कॅप राउंडची माहिती गल्लोगल्ली मिळते. पण 'पक्की नोकरी' म्हणून मुलाला तिकडे ढकलू नका. रसायनीकरांनी तरी नकोच. एचओसीच्या रसायन कारखान्यात चिकटलं की जन्माची ददात मिटली, असं इथे घरोघरी म्हणत. २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याच कारखान्याचा बहुतेक भाग बंद करायचं ठरवलं.

आता इतिहासाचे पैसे. एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) मिळवून यूजीसी-नेट द्यायची. परीक्षा वर्षातून दोनदा होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पाच वर्षांचे २४ लाख होतात, घरभाडं वेगळं. वयाची अट ३० वर्षं, मुलींना पाच वर्षांची सवलत. जेआरएफ हुकली तरी अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप आहे. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद सर्वांसाठी आहे. मात्र राज्याच्या संस्थांचे पैसे दरमहा वेळेवर येतील, हे गृहीत धरून घराचा हप्ता ठरवू नका.

अर्ज बहुतेक वेळा विषयावर आपटतो. 'रायगड जिल्ह्याचा इतिहास' हा संशोधनाचा विषय नव्हे. विषय कसा असावा? १८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान कंपनी सरकारने खालसा केलं. त्यानंतर नवगाव-किहीम पट्ट्यातल्या शनवार तेल्यांच्या घाण्यांचं आणि जमिनींचं काय झालं? ठिकाण, काळ, माणसं आणि प्रश्न, सगळं यात आलं.

शनवार तेली म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांची. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या, सणाला वाचायच्या त्यांच्या 'हगादा' या पोथीत हिब्रूसोबत मराठी आहे. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून राहिलं, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरीकडे ह्युगेनॉट पाहा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर फ्रान्समधून परागंदा झालेले हे प्रॉटेस्टंट. त्यांच्या इंग्लंडमधल्या वंशजांनी १८८५ मध्ये लंडनला संस्था काढली. ती आजही कागद जपते आणि त्या इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आर्थिक मदत करते. आपल्याकडे बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. मोहोपाड्याच्या शेजारच्या पनवेलमधल्या सिनेगॉगात २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी शिरलं. हा इतिहास जपायला माणसं हवीत, आणि ती इथलीच हवीत. अलिबागची बोली कळणारी, मोडी वाचणारी मुलगी जे दप्तर उलगडेल, ते परदेशी अभ्यासकाला दुभाष्या घेऊन जमणार नाही.

म्हणून एमएची वाट न पाहता बीएच्या पहिल्या वर्षीच मोडी शिका. पुराभिलेख विभाग आणि काही विद्यापीठं वर्ग घेतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत आणि वाचणारे मोजके. पुढे लंडनमधली कागदपत्रं पाहायची वेळ आली, तर चार्ल्स वॉलेस ट्रस्ट अल्पकाळाच्या संशोधनासाठी मदत देतो.

पालकांना स्पष्टच सांगते. पीएच.डी. झाली की प्राध्यापकी ठेवलेलीच, असं नाही, भरती रखडते. तुमच्या मुलीला हे माहीत आहे आणि तरीही तिला जायचंय. "पाच वर्षांनी लग्नाचं काय" हा विषय मार्गदर्शकाच्या निवडीत आणू नका. मुलाखतीला तिच्यासोबत आत बसायचा हट्ट धरू नका. तिच्या फेलोशिपच्या पैशांतून भावाची फी भरली जाते, हे मी पाहिलं आहे. ते पैसे पुस्तकांचे, झेरॉक्सचे आणि अलिबाग-पुण्याच्या एसटीचे आहेत.

मदत करायचीच असेल तर कागद जमवा. जातवैधता काढायला महिने जातात. नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज खालापूरच्या सेतूत भरला, तरी सही कर्जतच्या प्रांत कार्यालयातून होते आणि दाखल्याची मुदतही संपते. जाहिरात निघाल्यावर धावपळ केली की अर्ज हमखास राहतो. याच महिन्यात जा.