जुनी पेडलं, नवी क्लीट

चि. सोनूस,


जुन्या पेडलांची जोडी घेतलीस, पण तिला क्लीट, म्हणजे बुटाच्या तळव्याला लावून पेडलात अडकवायचा तुकडा, कोणती लागेल ते कळत नाही, असं काल म्हणालास. फोनवर सांगून हे भागणार नाही, म्हणून लिहितो. तोवर काही मागवू नकोस. क्लीट पेडलात खटकन बसली की आपल्याला वाटतं, जुळली. पण सिग्नलला पाय टेकायच्या वेळी ती सुटायलाही हवी. थोडीफार जुळणारी क्लीट मुळीच न जुळणारीपेक्षा वाईट, कारण तिची खोट भर रस्त्यात कळते.

आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन पेडलं स्वच्छ कर. मळाखाली बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो. शिमानो कंपनीचा असेल तर ‘पीडी’ने सुरू होईल, जसं पीडी-एम520. आकडा सापडला तर निम्मं काम झालं.

नुसत्या कंपनीच्या नावावर मात्र विसंबू नकोस. शिमानोचंच बघ. त्यांच्या जुन्या ड्युरा-एसच्या 7401 पेडलाला चक्क लूक कंपनीची डेल्टा क्लीट लागते. 1990 साली त्यांनी एसपीडी आणली, ती दोन बोल्टची छोटी लोखंडी क्लीट. मग एसपीडी-आर आली, लांबट आणि अरुंद. त्यानंतर एसपीडी-एसएल, तीन बोल्टची रुंद प्लॅस्टिकची. नाव एकच, पद्धती चार, आणि एकीची क्लीट दुसरीत चालत नाही. एसपीडी-आर कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस, तिच्या क्लीट शोधण्यातच जीव जाईल.

लूक ही मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची साधनं बनवणारी फ्रेंच कंपनी. तीच युक्ती त्यांनी 1984 मध्ये सायकलच्या पेडलात आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकला. त्यांची जुनी डेल्टा मोठी, नंतरची केओ लहान. केओ आणि एसपीडी-एसएल या दिसायला सख्ख्या बहिणी, पण अदलाबदल चालत नाही. रंगांतही गफलत होते. टाचेला किती अंश हलता येईल ते क्लीटच्या रंगावरून ओळखतात. केओत काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल नऊ अंश. शिमानोत लाल म्हणजे शून्य, निळी दोन, पिवळी सहा. लूकची लाल सर्वांत मोकळी आणि शिमानोची लाल सर्वांत घट्ट! दुकानदाराने ‘लाल घ्या’ म्हटलं तर कोणत्या कंपनीची, ते विचारल्याशिवाय पैसे काढू नकोस. तुझ्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

आकडा झिजून गेला असेल तर पेडल हातात घेऊन त्याची रचना बघ. पुढे पक्का हुक, मागे स्प्रिंगवर हलणारा जबडा आणि शेजारी अ‍ॅलन कीने फिरणारा छोटा स्क्रू दिसला तर बहुतेक एसपीडीच्या घराण्यातलं. वेलगोसारख्या कंपन्याही याच धर्तीची पेडलं काढतात. तिथे शक्यतो त्याच कंपनीची क्लीट घे. फुलीसारखे चार पंख असतील तर क्रँक ब्रदर्सचं एगबीटर. त्याची क्लीट पितळी असते. टाइम कंपनीच्या एटॅक पेडलाचीही पितळीच, पण वेगळी. पेडल चपटं, गोल आणि स्प्रिंगच नसलेलं निघालं तर ते स्पीडप्ले असण्याची शक्यता जास्त. त्यात पकड क्लीटमध्येच असते, म्हणून जुन्या क्लीट सोबत नसतील तर अर्धंच यंत्र हाती आलं असं समज. शिवाय त्यांच्या झिरो आणि एक्स या मालिकांच्या क्लीटही एकमेकींना चालत नाहीत.

आता बूट. तळव्याला दोन बोल्टांची जागा आहे की त्रिकोणात तीन भोकं, ते बघ. पेडल आणि बूट जमले नाहीत तर क्लीट शोधून उपयोग नाही.

एसपीडीच निघाली तर तू नवशिका, म्हणून 51 ऐवजी 56 नंबरची क्लीट घे. 51 टाच बाहेर वळवल्यावरच सुटते, 56 इतर दिशांनीही सुटते. क्लीट बुटाला लावलीस की स्प्रिंगचा स्क्रू अगदी ढिला कर. बूट हातात धरून पेडलात दाब, टाच बाहेर वळवून सोडव, असं पुनःपुन्हा करून बघ. कधी सहज आणि कधी जोर लावून सुटत असेल तर जबडा झिजलाय किंवा क्लीट चुकीची आहे. ती सायकलवर नेऊ नकोस. एरवी सायकल भिंतीला टेकवून बसून सराव कर आणि मगच मैदानात जा. पेडल बसवताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. जोर लावून क्रँकचे आटे खाऊ नकोस.

पेडलांचे वरून, खालून आणि आसाच्या बाजूने फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून. बुटाच्या तळव्याचाही हवा. बघून लगेच कळवतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा