खाकीतून काय मिळतं

कॉलेजची तिन्ही वर्षं मी राष्ट्रीय छात्र सेनेत, म्हणजे एनसीसीत होते. पुढे फौजेत गेले नाही, बँकेत लागले. तरी त्या मैदानावरचं बरंच काही अंगात मुरलंय.

१. हुकूम पाळण्यापेक्षा देणं अवघड. ‘दाहिने’ लांबवायचं, ‘मुड’ तोडून टाकायचं. आवाज घशातून नको, पोटातून काढा, असं आमचे प्रशिक्षक, म्हणजे उस्ताद, सांगायचे. घरात मुलींनी मोठ्यानं बोललेलं खपत नव्हतं. इथे ‘थम’ हळू म्हटलं तर पथक थेट कुंपणापर्यंत चालत जायचं! नंतर कुठल्याही मीटिंगमध्ये माझा आवाज अडला नाही.

२. फायरिंग. पॉइंट टू-टू रायफल, २५ यार्डांची रेंज. पोटावर झोपायचं, श्वास रोखायचा, हिसका न देता ट्रिगर दाबायचा. थरार असतोच, पण खरा धडा टार्गेटचा कागद हाती आल्यावर मिळतो. पाचही गोळ्या मध्यापासून लांब, पण एकमेकींना चिकटून लागल्या असतील तर उस्ताद खूश. ग्रुपिंग चांगलं, म्हणजे पकड, श्वास, नेम दर वेळी सारखा. आता फक्त नेमाची जागा सरकवायची. एक गोळी मधोमध आणि बाकीच्या चार दिशांना, याला ते काडीचीही किंमत देत नसत. माणसं जोखताना मी अजूनही तेच बघते.

३. कॅम्पात शेजारचा बिछाना कुणाचा, हे आपण ठरवत नाही. ओळख, जुळवून घेणं, मैत्री हे बाकीचं आपोआप होतं.

४. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडनं आणि पदवीला ५० टक्के, एवढं असलं की सैन्यात अधिकारी होण्यासाठी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. लेखी परीक्षा टळते. छाननीत निवड झाली की थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. फायदा मोठा आहे, पण एसएसबीत सर्टिफिकेट बोलत नाही, तुम्हालाच बोलावं लागतं.

५. ‘सगळ्यांना सक्ती करा’ असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. ते करून झालंय. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. ऐच्छिकच बरी. पहाटे स्वतःहून आलेली आणि हजेरीसाठी ढकललेली पोरं एका रांगेत उभी केली की रांगच बिघडते.

ज्यांना यायचंय त्यांनी पहिल्या वर्षी, कॉलेज सुरू होताच नावनोंदणीची चौकशी करावी. ‘सी’ला तीन वर्षं लागतात, दुसऱ्या वर्षी जाग आली तर ‘बी’ सर्टिफिकेटवरच थांबावं लागेल.