तो वायरचा तुकडा काढ

सांगली,
१४ मे

चि. सौ. बाय,


काल फोनवर मी "गाडी चार्जिंगला लावू नकोस, आधी मेन बंद कर" एवढंच तोडून बोललो. तुला वाईट वाटलं असेल. पण तू पाठवलेला फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. शेडमधल्या नव्या पॉवर प्लगचं झाकण काढलेलं, आणि आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा. तुझा वायरमन म्हणाला ना, की चार्जरवरचा लाल दिवा जात नव्हता आणि हा तुकडा टाकल्यावर हिरवा लागला? तो लागणारच. चार्जर अर्थ शोधत असतो. अर्थच्या पिनेत न्यूट्रल मिळाला की अर्थ सापडला असं त्याला वाटतं. लाल दिवा खरं सांगत होता, की तुमच्या घराला धड अर्थिंग नाही. आपण ते दुरुस्त न करता त्याचं तोंड बंद केलं.

हा तुकडा रोज घात करत नाही, म्हणूनच लोक तो टाकतात. घात होतो तो न्यूट्रल तुटला की. खांबावर सुटला, मीटरपाशी सैल झाला, कुठेही. मग फेजमधून आलेला करंट परत जायला वाट शोधतो आणि त्या तुकड्यावरून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे तो जमिनीत उतरत नाही, पत्र्यावरच थांबतो. अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या पोराने दाराला हात लावला की त्याच्या अंगातून उतरतो.

मी नोकरीत असताना एका वाडीत हेच पाहिलं. वळवाच्या पावसात न्यूट्रलची तार सुटली, दिवे गेले, आणि लाईट गेली समजून सगळे स्वस्थ बसले. फ्रिजच्या प्लगमध्ये असाच तुकडा होता. सून ओल्या हाताने फ्रिज उघडायला गेली आणि दाराला चिकटली. सासऱ्यांनी लाकडी पाट मारून तिला सोडवलं. वाचली ती, पण तळहातावरचा डाग राहिला. त्या घरात एकही दिवा लागत नव्हता, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता करायचं काय ते सांगतो. आधी अर्थिंग. तुमची जमीन जांभ्याची. जांभा पाणी धरत नाही, आणि मे महिन्यात तो इतका सुकतो की त्यातला अर्थ नुसता नावाला उरतो. पावसाळ्यात चाचणी केली तर उत्तम येईल, खरी परीक्षा आत्ताच आहे. म्हणून खड्डा शेडजवळ नको. न्हाणीच्या मागे केळीचं आळं आहे, तिथे बारा महिने ओल असते. भिंतीपासून पाच फूट सोडून तिथे घ्या. अडीच मीटरचा जी.आय. पाईप उभा पुरायचा आणि भोवती बेंटोनाइट भरायचं. आमच्या वेळी कोळसा आणि मीठ घालत, पण मिठाने पाईप लवकर गंजतो. तिथून शेडपर्यंत अर्थची वायर सलग न्यायची, मध्ये जोड नको. एका खड्ड्याने भागलं नाही तर दुसरा खणून दोन्ही जोडता येतात. खर्च होईल, पण या कामात खर्च करायची जागा हीच आहे.

मग वायर. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, इस्त्री दहा. तुझ्या टियागोची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची. घरच्या प्लगवर ती रिकामी असेल तर आठ-नऊ तास लागतात, आणि तेवढा सगळा वेळ १४ अँपियरच्या आसपास करंट वाहत राहतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने त्या वायरिंगची इतकी परीक्षा घेतलेली नाही. म्हणून पंपाच्या बोर्डावरून ओढलेली अडीचची वायर काढून टाक. मीटरबोर्डावरून वेगळी, तांब्याची, चार स्क्वेअरची वायर शेडपर्यंत आण. तिच्यावर दुसरं काही जोडू नकोस, दिवासुद्धा नको. तिला २० अँपियरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा, 'ए' टाईपचा मागून घे. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. एक असला म्हणून दुसरा टाळता येत नाही. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकू, असं कोणी म्हणालं तर त्याला काम करू देऊ नकोस. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबायचं, खट्कन पडला पाहिजे.

स्क्रू घट्ट आहेत ना, हे स्वतः उभं राहून बघ. सैल स्क्रूपाशी ओहमचा दहावा भाग एवढा अडथळा असला, तरी १४ अँपियरला तिथे वीस वॅट उष्णता तयार होते. आपली सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. ती रात्रभर प्लास्टिकच्या डब्यात पेटती ठेवल्यासारखं आहे हे. म्हणून पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद कर. आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, एका रात्रीपुरताही नाही.

प्लगसाठी झाकणाचा, आयपी ६५ लिहिलेला बॉक्स घे, पिन आत असतानाही झाकण बंद होणारा. तो छातीच्या उंचीवर, शेडच्या आतल्या भिंतीवर बसव, कारण तुमच्याकडचा पाऊस आडवा येतो. वायर बॉक्समध्ये खालूनच शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला थोडा झोळ हवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथूनच गळून पडतं. चार्जरचा डबा वेगळ्या हुकाला टांग, त्याचं वजन पिनांवर येऊ देऊ नकोस.

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो बघ. गाडी, गिझर आणि पंप मिळून तो ओलांडत असाल तर भार वाढवायचा अर्ज कर. त्याला परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्या निमित्ताने सगळं काम एकदा जाणत्या नजरेखालून जाईल. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला परवानगी आहे. मात्र युनिटं वाढली की वरचा स्लॅब लागतो, ते हिशेबात धर.

तुझ्या वायरमनला रागावू नकोस. पोरगा कामसू आहे. त्याला हा तुकडा कोणीतरी शिकवला, तसंच हेही कोणीतरी शिकवायला हवं. हे पत्र त्याला वाचायला दे.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो. माझा मीटर आणि शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प बरोबर आणतोय. आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला फेज आणि अर्थमध्ये तो फेज आणि न्यूट्रलइतकाच लखलखीत पेटला, तरच गाडी लावायची. मृगाच्या आत हे उरकायला हवं. तोवर गाडी बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर ने, आणि केळीजवळचा खड्डा तेवढा खणून ठेव.

तुझा,
मामा