एक संगणक, दोन उंदीर



आपल्या शाळेत संगणक एकच, पण त्याला माऊस मात्र दोन. एक काळा, दुसरा पांढरा. पांढऱ्याच्या वायरीला लाल दोरा बांधलेला. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "गुरुजी, एकाला दोन कशाला?" त्यामागे एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती आधी सांगतो, मग धडा शिकू या.

गेल्या वर्षी आपल्याकडे काळा माऊस तेवढा होता. चौथीतल्या एका मुलीला मी आंब्याच्या चित्रावर बाण नेऊन बटण दाबायला सांगितले. तिचा हात जन्मापासून थोडा थरथरतो. बाण आंब्यापाशी यायचा आणि भुर्रकन पुढे निघून जायचा. पाच-सहा वेळा असं झालं. मागची मुलं खुदुखुदु हसू लागली. मीही म्हणालो, "अगं, हात नीट धर की! लक्ष कुठं आहे तुझं?"

ती म्हणाली, "गुरुजी, ह्यो थांबतच न्हाई." आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिची पाळी आली की ती म्हणायची, "दुसऱ्याला द्या."

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी सहज डाव्या हाताने माऊस धरला. काय सांगू! माझाही बाण आंब्यावर थांबेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोष तिच्या लक्षाचा नव्हताच. तो माऊस तिच्या हाताला फार चपळ होता.

आता हा चपळपणा म्हणजे काय, ते पाहू.

माऊसचा जन्म अमेरिकेतला. १९६४ साली डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला. तो चक्क लाकडी ठोकळा होता. खाली एकमेकींशी काटकोनात बसवलेली दोन चाके. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून नाव पडले माऊस, म्हणजे उंदीर.

आजच्या माऊसला चाके नाहीत. तो उलटा करून पाहा. पोटाशी बारीक दिवा दिसेल. त्याच्याजवळ इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाची एका सेकंदात हजाराहून जास्त चित्रे टिपतो. आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र ताडून पाहिले की माऊस किती सरकला ते कळते. ती हालचाल माऊस संगणकाला पावलांच्या हिशेबात कळवतो. एक इंच सरकल्यावर माऊस किती पावले मोजतो, त्या आकड्याला डीपीआय म्हणतात.

आपला काळा माऊस १६०० चा आहे आणि पांढरा ८०० चा. म्हणजे दोन्ही एकेक इंच सरकवले, तर काळा १६०० पावले सांगतो आणि पांढरा ८००. संगणकाचा वेग मध्यावर ठेवला आणि त्याची आपोआप वेग वाढवण्याची सोय बंद केली, की एका पावलाला बाण एक ठिपका सरकतो.

आता गणित करू. आपला पडदा १९२० ठिपके रुंद आहे. बाण या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचा, तर:

काळा माऊस : १९२० ÷ १६०० = १.२ इंच
पांढरा माऊस : १९२० ÷ ८०० = २.४ इंच

म्हणजे पांढऱ्याला दुप्पट वाट चालावी लागते. मग तो वाईट का? मुळीच नाही. पुढचे गणित पाहा.

सुतारकाका ज्याला एक सूत म्हणतात, तो इंचाचा आठवा भाग. समजा, हात एक सूत थरथरला. काळ्या माऊसने बाण १६०० ÷ ८ = २०० ठिपके हलेल. पांढऱ्याने ८०० ÷ ८ = १०० ठिपके. आंब्याचे चित्र आहे १५० ठिपके रुंद. आता तुम्हीच सांगा, कोणाचा बाण आंब्याबाहेर जाईल?

हात तोच, थरथर तीच. पण एका माऊसने ती मुलगी चुकते आणि दुसऱ्याने बरोबर येते. मग चूक हाताची कशी म्हणायची?

आधी मी काय केले, तेही सांगतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसचा वेग कमी-जास्त करायची एक पट्टी असते. ती मी हळूकडे सरकवली. तिला बरे वाटले, पण बाकीची मुलं कुरकुरू लागली, "गुरुजी, बाण बैलगाडीसारखा चालतोय!" आपले टेबल लहान, माऊस फिरवायला जागा पाटीएवढी. त्यांचेही खरेच होते. मग तिच्या पाळीला पट्टी हळू, इतरांच्या पाळीला जलद, असा खेळ सुरू झाला. त्यात निम्मा तास जायचा. शिवाय सगळ्यांना दिसायचं, की हिच्यासाठी काहीतरी वेगळं करतात. ते तिला नको होतं.

म्हणून दुसरा माऊस आणला. वाटले होते, दोघांचा वेग पट्टीवर वेगवेगळा ठेवता येईल. पण नाही! विंडोजमधली ती पट्टी जोडलेल्या सगळ्या माऊसांना एकच लागू होते. डावे-उजवे बटण अदलाबदल करायची सोयही तशीच, सगळ्यांना मिळून एक. लिनक्स नावाच्या प्रणालीत मात्र प्रत्येक माऊसचा वेग निराळा ठेवता येतो. मग आपण काय केले? नव्या माऊसच्या चाकामागे एक छोटे बटण आहे. ते दाबले की माऊसचा स्वतःचा डीपीआय बदलतो. ते ८०० वर ठेवले. पट्टीला हात लावायचे कामच उरले नाही.

दोन माऊस असले तरी पडद्यावर बाण एकच असतो, हे लक्षात ठेवा. संगणक दोघांची पावले एकत्र मिळवतो. दोघांनी एकदम ओढले, तर एका गाडीचे दोन बैल दोन दिशांना ओढतात तसे होते. म्हणून एकाने चालवायचे, दुसऱ्याने हात वर ठेवायचा.

प्रत्येक माऊसला वेगळा बाण देता येतो का? येतो, पण त्यासाठी खास प्रोग्रॅम लागतो. २००६ च्या सुमारास बंगळूरमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी असा प्रयोग केला. शाळेत एका संगणकाभोवती बरीच मुले जमतात आणि माऊस एकाच्याच हाती राहतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी एकाच संगणकाला बरेच माऊस जोडले आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. आपल्यासारख्याच शाळांची अडचण त्यांनी ओळखली, नाही का?

आता गोष्टीचा शेवट. पांढरा माऊस आला त्या दिवशी मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितले, "त्या दिवशी मी तुला उगीच बोललो. चूक तुझी नव्हती, माझी होती." ती उठली, तिने माऊस धरला. बाण थरथरला, पण आंब्यावरच राहिला. टिक्! वायरीचा लाल दोरा तिनेच बांधला आहे. आणि ही गोष्ट मी तिला विचारूनच लिहिली आहे.

एखाद्याला जमत नसेल, तर हसण्याआधी त्याच्या हातातले साधन पाहावे. मी ते उशिरा शिकलो. तुम्ही लवकर शिका.

करून पाहा : दोघांनी मिळून काळा माऊस १ इंच उजवीकडे न्या. मग पांढरा २ इंच डावीकडे न्या. बाण कुठे आला? का?

स्वाध्याय :
१) ४०० डीपीआयच्या माऊसने पडदा पार करायला किती इंच लागतील?
२) त्याच माऊसवर हात एक सूत हलला, तर बाण किती ठिपके हलेल?
३) जलद माऊस कोणाला सोयीचा, हळू माऊस कोणाला? एकेक उदाहरण लिहा.

उत्तरे वहीत लिहून शनिवारी मला दाखवा.

– तुमचे गुरुजी