आधी गाड्या मोजा, मग वाट पाहा

वेगवान गाडीचं वेड लागलेल्या तरुणाला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: नवी कशाला घेतोस, तीन वर्षं थांब, तीच गाडी निम्म्यात मिळेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि रोजच्या वापरातल्या गाड्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरतो. पण भारतात विकल्या गेलेल्या ज्या थोड्या गाड्यांना खऱ्या अर्थानं परफॉर्मन्स कार म्हणता येईल, त्यांना हाच हिशेब सरसकट लावला की माणूस फसतो. थांबण्यात त्याची वर्षं जातात, आणि शेवटी जी गाडी पदरात पडते ती त्यानं कधीच निवडली नसती अशी असते. म्हणून माझं सांगणं असं, की थांबावं की नवी घ्यावी या प्रश्नाची सुरुवात किमतीपासून करू नये. ती गाडी या देशात एकूण किती विकली गेली, हे आधी पाहावं.

आकडे लपलेले नाहीत. फोक्सवॅगननं २०१६ च्या अखेरीस पोलो जीटीआय आणली ती ९९ गाड्यांपुरती. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०२० मध्ये २०० गाड्या आल्या. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआयच्या पहिल्या १५० गाड्यांचं बुकिंग किंमत जाहीर होण्याआधीच भरलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या गाड्या होत्या फक्त १००. आता शंभर गाड्यांचं पुढे काय होतं याचा विचार करा. काही ठोकल्या जातात. काहींवर मालक इतके प्रयोग करतात की मूळ गाडी ओळखू येत नाही. बऱ्याचशा अशा लोकांकडे असतात ज्यांना त्या विकायच्याच नाहीत, कारण मुळात धडपडून मिळवलेल्या असतात. उरलेल्यांतली एखादी कधीतरी बाजारात येते, ती बहुधा कोचीला किंवा चंदीगडला, आणि तिच्यावर दहा जणांचा डोळा असतो. अशा वेळी घेणाऱ्याला घासाघीस करायला जागा राहत नाही, नीट तपासायला वेळही मिळत नाही. ‘आजच टोकन द्या, नाहीतर दुसरा उभा आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे.

शिवाय किंमत थांबणाऱ्याच्या बाजूनं हलतेच असं नाही. ऑक्टाव्हिया आरएस २३० ही २०१७ मध्ये साडेचोवीस लाखांच्या आसपास आली. आरएस २४५ तीनच वर्षांत ३६ लाखांवर गेली, आणि २०२५ ची आरएस ५० लाखांना टेकली. हे सगळे एक्स-शोरूम भाव. प्रत्येक नव्या आरएसची किंमत जाहीर झाली की जुन्या आरएसचा मालक आपला आकडा त्या उजेडात मांडतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. बीएमडब्ल्यू एम३४०आयचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. २०२१ मध्ये आलेली ही गाडी चेन्नईला जोडली जाते, शंभर-दोनशेची मर्यादा तिला नाही, आणि महागड्या गाड्यांचे बरेच मालक तीन-चार वर्षांत गाडी बदलतात. तिथे पुरवठा आहे, म्हणून भाव खरोखर उतरतो. तिथे मी म्हणेन, बेलाशक थांबा. दोन्ही गाड्या वेगवानच, पण एकीसाठी थांबणं ही योजना ठरते आणि दुसरीसाठी नुसती आशा.

यावर कुणी पोलो जीटीआयकडे बोट दाखवील. तीनच दारांची छोटी गाडी सुमारे २६ लाखांना, म्हणून ती पडून राहिली आणि पुढे कंपनीनंच तिची किंमत सहा लाखांनी उतरवली. थांबलेल्याचा फायदा झाला, हे मान्य. पण तो झाला नव्या गाडीवर, शोरूममध्ये, वॉरंटीसकट. कंपनीनं किंमत चुकवली तर थोडं थांबण्यात शहाणपण आहेच, पण त्या अनुभवावरून सेकंड हँडची वाट पाहण्याचा नियम निघत नाही. गोल्फच्या वेळी तर थांबलेल्याला पहिल्या खेपेत गाडीच मिळाली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवी गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत घसरते. विम्याचं कोष्टकही तेच सांगतं: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. पण हे कोष्टक विमा कंपनीच्या सोयीसाठी सगळ्या गाड्यांना एकाच मापानं मोजतं, बाजार तसं मोजत नाही. जुन्या गाडीतली खरी बचत मला दुसरीकडे दिसते, ती म्हणजे पहिल्या मालकानं भरलेल्या करात. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या, देशात बनलेल्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर लागतो. तीस लाखांच्या गाडीवर हे जवळजवळ चार लाख झाले. ते दुसऱ्या मालकाला पुन्हा भरावे लागत नाहीत, मात्र पासिंग महाराष्ट्राचं असेल तरच. दिल्लीत गाड्या स्वस्त दिसतात म्हणून तिकडे धावणाऱ्यांनी हा ‘मात्र’ लक्षात ठेवावा. गाडी इथे कायमची आणायची तर मूळ आरटीओची एनओसी हवी, बारा महिन्यांच्या आत इथलं पासिंग करून घ्यायला हवं, आणि वयानुसार कमी झालेला का होईना, इथला कर भरावा लागतो. दुर्मीळ गाडी आपल्याच राज्यात मिळण्याची शक्यता कमी, म्हणजे बचतीचा सर्वांत मोठा भाग अशा गाडीच्या बाबतीत बहुधा हातचा जातो.

आता गाडीच्या प्रकृतीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात महाग चुका इथे होतात. टर्बो इंजिनाची ताकद वाढवायला आज पाना-पक्कडही लागत नाही. लॅपटॉप जोडून ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, नकाशा बदलला की झालं, त्यालाच रिमॅप म्हणतात. विकायच्या आधी मूळ नकाशा परत टाकला की चालवून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, पण त्या मधल्या काळात क्लचनं, गिअरबॉक्सनं, टर्बोनं जो भार सोसला तो कुठल्याही नकाशानं पुसला जात नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अशा बदलाची नोंद अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेत पडू शकते, म्हणून चासी नंबर देऊन संपूर्ण सर्व्हिस हिस्ट्री तिथूनच काढून घ्यावी. मालकानं दाखवलेल्या पावत्यांवर थांबू नये. आरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल दर साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं. ते बदलल्याची नोंद नसेल तर ती गाडी सोडून द्यावी, मग रंग कितीही मनात भरलेला असो. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. चाळीस हजार रनिंग सांगितलेल्या गाडीचे टायर मूळचे नसणं गैर नाही, पण चारी टायर चार वेगळ्या वर्षांचे आणि स्वस्तातले असतील तर मालकानं इंजिन ऑइलही त्याच हिशेबानं भरलं असणार. ब्रेक डिस्कच्या कडेला आलेला ओठ बोटानं चाचपावा. इंजिन रात्रभर थंड असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा, आपल्यासमोर सुरू करायला लावावं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: ट्रॅकवर गेलेली गाडी म्हणून कुणी लगेच नाक मुरडू नये. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर नेमानं जाणारा माणूस तेल आणि ब्रेक पॅड बहुधा वेळेच्या आधीच बदलतो. थंड इंजिनावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत गाडी ताणणारा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करून ठेवतो.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण थोडक्यात उरकण्यासारखं नाही. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, म्हणजे फॉर्म ३५ झाला आहे का, ते पाहावं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सहीसकट हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. एक्झॉस्ट बदललेला असेल तर मूळ एक्झॉस्ट गाडीसोबत मागावा. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारा बदल गाडीत चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

सुट्या भागांचा प्रश्न गाडी चालवून पाहताना कुणाच्या मनातही येत नाही. फियाटची अबार्थ पुंटो आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावची. २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती देणारी दुसरी गाडी शोधून सापडली नसती. आज फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवलेलं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा टाटाच्या टियागो जेटीपीसारखी स्वस्त आणि चपळ गाडीही बंद पडली. ‘अजून थोडी स्वस्त होऊ दे’ म्हणत थांबलेल्यांसाठी नव्या गाडीची दारं कायमची मिटली. आज या गाड्या स्वस्तात मिळाल्या तरी घेणाऱ्यानं एक जाणकार गॅरेजवाला आधी गाठून ठेवावा आणि गाडी त्याच्या सांगण्यावरून घ्यावी.

प्रत्यक्षात बहुतेकांपुढे निवड असते ती वीस लाखांच्या आसपास. एका बाजूला चाकणला बनणारी नवी व्हर्टस जीटी किंवा दीड लिटर इंजिनाची स्लाव्हिया, १५० अश्वशक्तीची, वॉरंटीसकट, आणि देशभर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलसाठी तयार. दुसऱ्या बाजूला आठ-नऊ वर्षांची आरएस २३०, जी ई-२० च्या कितीतरी आधीची आहे. ताकदीत तुलनाच नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. स्टिअरिंगवर बसताच आरएस जिंकते. तरीही, जिची संपूर्ण नोंद अधिकृत केंद्रात सापडते, जिचं पासिंग आपल्याच राज्याचं आहे, आणि जी घेतल्यावरही दोन-अडीच लाख रुपये निव्वळ दुरुस्तीसाठी बाजूला राहतात, अशीच आरएस घ्यावी. यातली एकही गोष्ट कमी पडत असेल तर व्हर्टस बुक करावी, आणि पुढे गोल्फसारखी मोजक्या संख्येची गाडी पुन्हा येईल तेव्हा बुकिंग उघडेल त्याच दिवशी पैसे भरता येतील, अशी तयारी आजपासून ठेवावी.