शेतीपंपाची वीज आणि बिटकॉइनची 'खाण'



एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ झाले. तेव्हापासून आपल्या येडगाव भागातील तरुण शेतकरी विचारतात, "साहेब, मोटारीच्या कोठीत बिटकॉइनचे मशीन बसवले तर?" त्याचा हिशेब मांडतो.

नाव खाण, पण खोदायचे काही नाही. कुलपाला एकेक किल्ली लावून पाहावी तसा संगणक सेकंदाला अब्जावधी आकडे लावून पाहतो. सुमारे दर दहा मिनिटांनी एकाचा आकडा जुळतो, त्याला बक्षीस. ते एप्रिल २०२४ मध्ये ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले. जगात मशिने वाढली की कुलूपही अवघड होते. म्हणजे गव्हाणीत दुप्पट ऊस टाकला तरी साखरेची पोती तेवढीच! केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालानुसार या उद्योगाला वर्षाला सुमारे १३८ अब्ज युनिट वीज लागते, जगाच्या विजेच्या साधारण अर्धा टक्का.

आता आपल्या पातळीवर या. चांगले मशीन सव्वातीन किलोवॅट ओढते. चोवीस तासांत ७८ युनिट. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर तीसेक युनिट जळतात, म्हणजे एक मशीन अडीच मोटारींइतके. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला २३,४०० रुपये बिल. शिवाय शेतीच्या फिडरला वीज साधारण आठच तास, तीही पाळीने रात्रीची. बिबट्याच्या भीतीने आपण पाणी धरायला बिचकतो, आणि मशीन मात्र उरलेले सोळा तास बंद!

फुकट विजेवर चालवू म्हणाल, तर ते अंगलट येईल. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर. योग्य वर्गवारीच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून ते ठरवता आले नाही, तर मागच्या बारा महिन्यांची. कलम १३५ खाली फौजदारी खटलाही होऊ शकतो. डीपी जळाली तर शेजाऱ्यांच्या आडसालीचे पाणी थांबते ते वेगळेच.

नफा झालाच तर २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर, त्यातून वीजबिल वजा करता येत नाही.

"मशीन आमच्याकडे, तुम्ही फक्त पैसे भरा" असे सांगणारेही येतात. 'गेनबिटकॉइन'ने अठरा महिने दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन दिले होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर जमा झाले की अशी मंडळी दारात येतात. त्यांना गट कार्यालयात घेऊन यावे, हिशेब समोरासमोर करू.