मोहोळाचा डाव : बाकी उरणाऱ्या भागाकाराचा पाठ

तिसरी-चौथीच्या मुलांना भागाकार करता येतो. परंतु बाकीचा उपयोग काय, असे विचारल्यास बहुतेक मुले गप्प राहतात. बाकी म्हणजे त्यांना हिशेबातील अडगळ वाटते. त्या बाकीवरच हारजीत ठरते असा एक खेळ येथे देत आहोत. पांढरकवड्याच्या परिसरातील शाळांना त्यासाठी काही विकत आणावे लागणार नाही. मूठभर चिंचोके आणि एक खडा पुरे.

चिंचोके एका ओळीत मांडावेत व शेवटी खडा ठेवावा. चिंचोका म्हणजे मधाचा थेंब, खडा म्हणजे आग्या मोहोळ. दोन गड्यांनी आळीपाळीने एक किंवा दोन चिंचोके उचलावयाचे. पाळी सोडावयाची नाही. ज्याला खडा उचलावा लागेल त्याच्यामागे माश्या लागल्या, म्हणजेच तो हरला.

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'मारिओ पार्टी २' या १९९९ सालच्या पडद्यावरील खेळात असाच एक डाव आहे. चार गडी झाडावरची फळे एक-दोन करून काढतात व पोळे ज्याच्या वाट्यास येते तो बाद होतो. या जातीच्या 'निम' नामक खेळाचे गणित चार्ल्स बाउटन या अमेरिकन गणितज्ञाने १९०१ मध्ये मांडले होते. आपल्या मुलांना पडद्याची गरज नाही. जमीन सारवलेली असली की झाले.

आरंभीचे चार-पाच डाव मुलांना मनाप्रमाणे खेळू द्यावेत. नंतर १२ चिंचोके मांडून शिक्षकाने मुलास पहिली पाळी द्यावी. त्याने एक उचलल्यास आपण दोन उचलावेत, त्याने दोन उचलल्यास आपण एक. दर फेरीत तीन जातात, चार फेऱ्यांत ओळ संपते आणि खडा मुलापुढे राहतो. दोन-तीनदा असे झाले की "गुरुजी, तुम्ही काहीतरी करता!" अशी तक्रार येईल. ती येईपर्यंत थांबावे. पाठ खरा तेथून सुरू होतो.

आता १३ चिंचोके मांडावेत. तेरास तीनने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून ज्याची पहिली पाळी त्याने एकच उचलावा, म्हणजे दुसऱ्यापुढे १२ राहतात. १४ असल्यास दोन उचलावेत. बाकी शून्य असेल तर पहिली पाळी नम्रपणे दुसऱ्यास द्यावी! मुलांनी पाटीवर संख्या, भागाकार, बाकी व पहिली उचल अशी नोंद ठेवावी. पुढे तीनपर्यंत उचलण्याची मुभा दिली तर कितीने भागावे, हे त्यांनाच शोधू द्यावे. चारचा भाजक शोधणारे मूल भागाकार विसरणार नाही.

चार गडी गोल बसून खेळू लागले की हे गणित अपुरे पडते, कारण मध्ये तिघांची उचल होते. दोन चिंचोके उरले असता ज्याची पाळी तो दोन्ही उचलून शेजाऱ्यास अडकवू शकतो. अथवा एक उचलल्यास शेजारी दुसरा घेतो व तिसरा अडकतो. म्हणजे कोणाला हरवावयाचे, ही निवड त्याच्या हाती येते. येथे शिक्षकाने डोळे उघडे ठेवावेत. दर वेळी तेच एक मूल, बहुधा नव्याने आलेले किंवा घरी कोलामी बोलणारे, हरत असेल तर तो योगायोग समजू नये. बैठक बदलावी, जोड्या बदलाव्यात.

पोडावरून येणाऱ्या मुलाच्या घरी मध काढत असतील, तर खेळानंतर त्यालाच बोलते करावे. आग्या मोहोळाचे पोळे उघड्यावर, उंच फांदीस किंवा कड्यास लटकते, सातेरीचे झाडाच्या ढोलीत असते. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या भागात व अंडी-अळ्या खालच्या भागात असतात. केवळ मधाचा भाग कापून अळ्यांचा भाग राखला तर वसाहत टिकण्याचा संभव असतो. सगळे पोळे तोडून पिळले तर अळ्या मरतात व मधही नासतो. हे पुस्तकातून वाचून दाखविण्यापेक्षा त्या मुलाच्या तोंडून वर्गाने ऐकणे अधिक चांगले.

खेळ वर्गातच घ्यावा. शाळेच्या आवारातील झाडावर मोहोळ असल्यास त्याखाली मुलांना बसवू नये, धूर करू नये व दगड मारू देऊ नये. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सर्वांनी खोलीत धाव घ्यावी व दारे-खिडक्या लावाव्यात. कातडीत रुतलेली नांगी विलंब न लावता नखाने खरवडून काढावी. पुष्कळ डंख झालेल्या अथवा श्वास लागलेल्या मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.